गल्ला आणि गर्दी

टॉकीजच्या तिकीटखिडकीचं भोक केवढं असायचं, हे मोबाइलवर सीट निवडणाऱ्या मुलांना सांगून पटत नाही. नोटा धरलेली मूठ आत यायची आणि तिकिटं धरून बाहेर जायची, एवढंच. आत बसलेल्याला बाहेरच्याचा चेहरा दिसत नसे, हात तेवढा दिसे. नव्वदच्या दशकात मी खडकीतल्या एका टॉकीजच्या लेडीज खिडकीवर बसायचे. रांग बायकांची, पण तिकिटं अख्ख्या खानदानाची. पुरुषांची रांग रस्त्यापर्यंत जायची, म्हणून भाऊ, दीर, शेजारी सगळे आपापल्या घरची बाई पुढे करायचे. लष्कराच्या सॅपर्समधला एखादा सुट्टीवरचा जवान तर रांगेतल्या अनोळखी मावशीलाच गळ घालायचा, ‘आंटीजी, दो टिकट हमारे भी’. मावशी आढेवेढे घेत पैसे घ्यायची आणि मग मला बजावायची, ‘ही दोन वेगळी हं, आमच्या शेजारी नको.’

खडकीचं पब्लिक ठरलेलं होतं. दारूगोळ्याची फॅक्टरी १८६९ पासूनची. तिथले कामगार, रेंज हिल्सच्या क्वार्टर्समधली कुटुंबं, बाजारातले दुकानदार, बोपोडीहून चालत येणारी पोरं. मराठी, हिंदी, तमिळ, तेलुगू सगळं एकाच रांगेत ऐकू यायचं. पगार झाला की आधी बाल्कनी भरायची, महिनाअखेरीला स्टॉल. कुठल्या शोला कुठला वर्ग आधी संपणार, हे आमच्या मॅनेजरसाहेबांना कॅलेंडर बघून सांगता येई.

तिकिटांची पुस्तकं असत. प्रत्येक वर्गाचा रंग वेगळा, प्रत्येक तिकिटावर नंबर. ती पुस्तकं करमणूक कर खात्याकडून मंजूर होऊन आल्याशिवाय विकता येत नसत. शो सुरू करताना पहिला नंबर लिहायचा, खिडकी बंद करताना शेवटचा, आणि दोन्हींतल्या फरकावरून डीसीआर भरायचा. डीसीआर म्हणजे रोजच्या कलेक्शनचा कागद. त्याच्यावर वितरकाच्या रिप्रेझेंटेटिव्हची सही लागे. हा माणूस मुंबईहून किंवा शहरातून यायचा, ऑफिसात चहा पीत बसायचा आणि आमच्यावर लक्ष ठेवायचा. कारण चोरीची एक जुनी वाट सगळ्यांना माहीत होती. डोअरकीपरनं तिकीट फाडायचंच नाही, तसंच घेऊन परत खिडकीवर पाठवायचं, आणि तेच तिकीट दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकायचं. पुस्तकातला नंबर एक, खुर्चीवरची माणसं दोन. याला तिकीट फिरवणं म्हणत.

ते पकडायला करमणूक कराचा निरीक्षक कधीही यायचा. न सांगता. मध्यंतराच्या आधी आत शिरायचा, टॉर्च मारत एकेका ओळीतली डोकी मोजायचा आणि बाहेर येऊन आमच्या नंबरांशी ताळा करायचा. आम्ही त्याला मनातल्या मनात शिव्या द्यायचो. एखादा सिनेमा करमुक्त असला तरी हिशोबातून सुटका नव्हती. आता मागे वळून बघते तेव्हा वाटतं, सरकारला कर हवा होता, आणि त्यापायी का होईना, कुणीतरी बाहेरचा माणूस येऊन आतली डोकी खरोखर मोजत होता.

१३ जून १९९७ ला ‘बॉर्डर’ लागला. छावणीच्या गावात तो लागला म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. जवान गणवेशात नव्हते तरी केस कापण्यावरून ओळखू येत होते. त्याच दिवशी, त्याच सिनेमाच्या दुपारच्या शोला, दिल्लीत ग्रीन पार्कच्या उपहार टॉकीजमध्ये आग लागली. तळमजल्यावरच्या पार्किंगलगतच्या ट्रान्सफॉर्मरमधून धूर वर बाल्कनीत गेला. बाल्कनीत जादा खुर्च्या टाकून वाट अडवलेली होती. ५९ माणसं गेली. दुसऱ्या दिवशी पेपर वाचून मी कामावर आले आणि पहिल्यांदा आमच्या बाल्कनीत जाऊन उभी राहिले. हाऊसफुल्ल झाल्यावर आमच्याकडेही लाकडी घडीच्या खुर्च्या कडेच्या वाटेत टाकत. त्या खुर्च्यांचं तिकीट कुठल्या पुस्तकातलं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. पुढे काही आठवडे तपासण्या झाल्या, खुर्च्या गोदामात गेल्या. सगळ्या परत आल्या नाहीत, काही आल्या.

टॉकीज पुढे बंद पडली. पुण्यात मल्टिप्लेक्स आले आणि मला एकाच्या बॉक्स ऑफिसवर काम मिळालं. समोर संगणक, पडद्यावर खुर्च्यांचा नकाशा, रिकाम्या हिरव्या, गेलेल्या लाल. पहिल्या दिवसांत गिऱ्हाइकं काचेवर बोट ठेवून म्हणायची, ‘ताई, जरा स्क्रीन इकडे फिरवा ना.’ कोपऱ्यातली जागा हवी असणारी जोडपी, पायाचं दुखणं सांगून कडेची खुर्ची मागणारे आजोबा, तिसऱ्या ओळीतून मान दुखते म्हणून भांडणारे. एक खुर्ची दोनदा विकणं मात्र मशीननं एका दिवसात बंद पाडलं. रिप्रेझेंटेटिव्हला चहा पीत बसायची गरज उरली नाही, रात्रीचा शो सुटायच्या आत आकडा मुंबईत पोचत होता. ब्लॅकवाल्यांचा धंदा तर असा बसला की त्यातला एक जण नंतर मला त्याच मल्टिप्लेक्सच्या पार्किंगमध्ये पावत्या फाडताना भेटला. ‘ताई, आता सरळ मार्गाला लागलो,’ म्हणाला. पार्किंगचे दर ऐकून मला शंका आली, पण ते असो.

हे सगळं चांगलंच झालं. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतली मी नाही. त्या पुस्तकांच्या नंबरांनी माझ्या डोळ्यांचं पाणी काढलं आहे. सुट्टे नाहीत म्हणून गोळ्या हातावर ठेवायच्या आणि शिव्या खायच्या, हे यूपीआयनं संपवलं. आज टपरीवरचा स्पीकर ‘दहा रुपये प्राप्त झाले’ म्हणतो तेव्हा मला अजूनही बरं वाटतं.

१ जुलै २०१७ ला करमणूक कर जीएसटीत विरघळला. वॉटर पार्कच्या तिकिटावर आधी २८ टक्के होता, जानेवारी २०१८ मध्ये तो १८ वर आला, तेव्हा मी जुन्या मुंबई रस्त्याच्या बाजूच्या एका वॉटर पार्कमध्ये तिकीट विभाग सांभाळत होते. मालक खूश, आम्ही खूश. जीएसटीचा हिशोब विवरणपत्रात होतो. त्यासाठी कुणा निरीक्षकाला टॉर्च मारत डोकी मोजायला यावं लागत नाही. त्या गोष्टीकडे तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नाही, माझंही नाही.

वॉटर पार्कचं तंत्र सिनेमापेक्षा निराळं. सिनेमात माणूस एका खुर्चीवर तीन तास बसतो. इथे तो सकाळी दहाला आत शिरतो आणि दिवसभर भटकतो. खाऊचे पैसे, लॉकर, भाड्याचा पोहण्याचा ड्रेस, सगळ्याचा हिशोब मनगटावरच्या पट्ट्यात. पट्ट्यात चिप. सकाळी पैसे भरून घ्यायचे, वडापाव घेताना मनगट टेकवायचं, संध्याकाळी उरलेले पैसे आणि पट्ट्याचं डिपॉझिट परत. योजना झकास. मालकाला कळायचं की दुपारी दोनला मिसळ संपते आणि आइस्क्रीम चारनंतर खपतं. आगाऊ बुकिंग बघून आम्ही आदल्या रात्रीच ठरवायचो की उद्या लाटांच्या तलावावर जीवरक्षक किती उभे करायचे आणि किती किलो मटकी भिजत घालायची. ही सोय टॉकीजच्या दिवसांत कुणाच्या स्वप्नातही नव्हती.

पण रांग काही गेली नाही. सकाळी खिडकीवर असायची ती संध्याकाळी डिपॉझिटच्या काउंटरवर गेली. ओल्या कपड्यांतली, दमलेली, पेंगणारी पोरं खांद्यावर घेतलेली माणसं शंभर-दोनशे रुपयांसाठी अर्धा-अर्धा तास उभी. सकाळी रांगेत उभा असलेला माणूस आनंदात असतो, संध्याकाळचा भांडायला तयार असतो. शेवटी आम्ही उरलेले पैसे परस्पर खात्यात पाठवायला लागलो तेव्हा कुठे ते काउंटर शांत झालं.

क्यूआर आल्यावर गेटवरची भांडणंही बदलली. एकानं दहा जणांचं बुकिंग केलेलं, त्याच्या फोनची बॅटरी गेलेली आणि बाकीचे नऊ जण टोप्या घालून त्याच्याकडे बघत उभे. कुणी तिकिटाचा फोटो मित्रांच्या ग्रुपवर टाकलेला, आणि त्यातला जो आधी पोचला तो आत, ज्यानं पैसे भरले तो बाहेर. उन्हात फोनचा पडदा दिसत नाही, स्क्रीनला तडा गेलेला असला की स्कॅनर वाचत नाही. एकदा एक बाई आत आली आणि धाकटा मागे राहिला म्हणून पाच पावलं परत गेली. पुन्हा येताना फिरत्या दांड्याचं गेट लाल दिवा लावून म्हणालं, तिकीट वापरलेलं आहे. एकाच तिकिटावर दोघं शिरू नयेत म्हणून केलेली ती सोय. बाई रडकुंडीला आली, मुलगा पलीकडे भोकाड पसरून बसला, आणि गेटवरचा पोरगा मला फोन करून विचारतो, ‘मॅडम, सिस्टीम नाही म्हणतेय, काय करू?’ आमच्या टॉकीजचा डोअरकीपर काका असता तर त्यानं दांडा वर केला असता आणि वर बाईलाच झापलं असतं, पोराचा हात सोडता कशाला म्हणून. त्या दिवसापासून गेटवरच्या प्रत्येक मुलाला मी किल्ली दिली आणि लिहून दिलं की शंका आली तर आधी माणूस आत घे, मग मला फोन कर.

या सगळ्यात एक प्रश्न मला सुचायला वेळ लागला. मे महिन्यातला रविवार होता. पार्किंग भरलं होतं, बाहेर रस्त्यावर गाड्या लागल्या होत्या, ऑनलाइन विक्री चालूच होती. पाण्यावरच्या सुपरवायझरनं विचारलं, ‘मॅडम, आत्ता आत किती आहेत?’ मी स्क्रीनवरचा आकडा सांगितला. तो म्हणाला, ‘हा विकलेल्या तिकिटांचा झाला. आत किती?’

मी मोजायला बसले. ठरावीक उंचीखालच्या पोरांना तिकीट नाही, म्हणून ती सिस्टीममध्ये नाहीत. शाळेच्या सहलीबरोबर आलेले शिक्षक फुकट, बसचे ड्रायव्हर फुकट. हंगामी पासवाले दुसऱ्या गेटनं येत होते, त्यांची नोंद दुसऱ्या यादीत. दुपारी किती जण कंटाळून निघून गेले ते कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण बाहेरच्या दारावर स्कॅनरच नव्हता. पैसे आत येताना मिळतात, जाताना नाही, म्हणून यंत्र फक्त आत येण्याच्या दाराला बसवलेलं. गल्ला किती झाला हे मला पैशापैशापर्यंत ठाऊक होतं. गर्दी किती आहे हे ठाऊक नव्हतं. तिकीट फिरवणाऱ्या आमच्या त्या टॉकीजमध्ये निदान निरीक्षक तरी येत होता.

पुढच्या शनिवारपासून मी बाहेरच्या दारावर एक मुलगा बसवला, हातात बटण दाबून मोजायचं साधं यंत्र देऊन. प्रत्येक बाहेर जाणाऱ्याला एक बटण. आत येणाऱ्या बाजूला तसंच दुसरं यंत्र, त्यात तान्ही पोरंसुद्धा मोजायची. दर अर्ध्या तासानं वजाबाकी करून आकडा फळ्यावर लिहायचा आणि ठरलेल्या मर्यादेच्या जवळ आला की ऑनलाइन विक्री थांबवायची. वरून विचारणा झाली, या मुलाचा पगार कशासाठी, आणि विक्री थांबवली ती कुणाला विचारून. लाखालाखाची सिस्टीम घेतली आहे ना, मग हे हातानं मोजणं काय म्हणून? मी उत्तर दिलं, ते त्यांना पटलं नाही, पण मुलगा दारावर राहिला.

२५ मे २०२४ ला राजकोटच्या टीआरपी गेम झोनला आग लागली. शनिवार, सुट्टीचे दिवस, आणि ९९ रुपयांत प्रवेशाची ऑफर. २७ जण गेले, त्यांत लहान मुलं. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकानं त्या बातमीतला ९९ हा आकडा आधी वाचला असेल, कारण अशा ऑफर आम्ही सगळेच काढतो. फोनवर ऑफर टाकली की दोन तासांत गर्दी गोळा होते, ही या तंत्रज्ञानाची करामत आहे. ती गर्दी आत मावते का, हे त्याच तंत्रज्ञानाला विचारायचं मात्र राहून जातं. देशभर गेम झोनच्या तपासण्या झाल्या. मला वरून फोन आला, ते फळ्यावर लिहिता तसं बाकीच्या ठिकाणीही सुरू करता येईल का म्हणून.

जिथे तिकीटच नाही तिथे तर मोजायचं कारणच उरत नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ ला, रविवारी, तळेगावजवळ कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भारानं कोसळला, चार जणांचा जीव गेला. खडकीहून लोणावळा लोकल पकडून जाणारी पोरं मी रविवारी स्टेशनवर बघते, पावसाळी बूट आणि वेफर्सच्या पिशव्या घेतलेली. त्यांना अडवा, बंदी घाला, असं मी म्हणणार नाही. पण त्या पुलाच्या तोंडाशी बटण दाबणारा एक माणूस असता, आणि पन्नास झाले की हात आडवा करायचा अधिकार त्याला असता, तर? तिकीट लावलं की महसूल म्हणून लगेच मोजणी होते. जीव म्हणून मोजायला अजून खातं नाही.

ही मोजणी अवघड नाही, हे आता खडकीतच दिसतं. जून २०२५ मध्ये आमचं मेट्रो स्टेशन सुरू झालं. आत जाताना क्यूआर दाखवायचा आणि उतरल्यावर बाहेर पडतानाही दाखवायचा. पहिल्या दिवसांत लोक वैतागायचे, कागदी तिकीट आत गेल्या गेल्या चुरगळून टाकायचे आणि उतरल्यावर खिसे चाचपत गेटशी उभे राहायचे. त्यात माझे यजमानही होते. मेट्रोला ते भाड्याच्या हिशोबासाठी लागतं, हे खरं. पण त्यामुळे कुठून किती जण आत गेले आणि कुठे किती बाहेर पडले हे कळतं. एका बाजूनं पैसे, दुसऱ्या बाजूनं माणसं, एकाच गेटवर.

आणखी एक खुपतं, तेही सांगून टाकते. शनिवारवाड्याला भारतीयांना तिकीट २५ रुपये, ऑनलाइन काढलं तर २०. पंधरा वर्षांखालच्यांना फुकट. पाच रुपये म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण ज्याच्याकडे साधा फोन आहे, जो गावाकडून आईला पुणं दाखवायला घेऊन आला आहे, तोच जास्त भरतो. २०२० मध्ये टाळेबंदीनंतर स्मारकं उघडली तेव्हा तर खिडक्याच बंद होत्या, क्यूआरशिवाय आत जाता येत नव्हतं. साथीच्या काळात ते समजण्यासारखं होतं. पण ती सवय काही खासगी पार्कांना एवढी आवडली की त्यांनी रोख पैशांची खिडकीच भिंत बांधून बुजवली. दिल्ली दरवाज्यासमोर मी एका कॉलेजच्या पोराला म्हाताऱ्या जोडप्याचं तिकीट आपल्या फोनवरून काढून देताना पाहिलं आहे. रोख पैसे द्यायला लागल्यावर तो नको म्हणाला. आमच्या लेडीज खिडकीवरच्या मावशीसारखंच ते, पण अशा भल्या पोराच्या भरवशावर व्यवस्था सोडून देणं बरं नव्हे.

बागा, वॉटर पार्क, गेम झोन चालवणाऱ्यांना माझं सांगणं दोनच गोष्टींचं आहे. रोख घेणारी एक खिडकी चालू ठेवा आणि तिथल्या माणसाला थोडाफार अधिकार द्या. आणि आत येण्याच्या दारावर जेवढे पैसे घातलेत त्यातले थोडे बाहेर जाण्याच्या दारावर घाला. आत्ता आत किती जण आहेत आणि किती मावतात, हे दोन आकडे प्रवेशद्वारावर मोठ्या अक्षरांत, मराठीत लावा. आणि वाचकहो, पुढच्या सुट्टीत पोरांना घेऊन कुठे गेलात, तर तिकीट स्कॅन करणाऱ्या मुलाला तेवढं विचारा: आत्ता आत किती जण आहेत? त्याला सांगता आलं नाही तर मॅनेजरला बोलवायला सांगा.